मुकादमच्या कानातली चिंधी

नवी मुंबईत थंडी पडत नाही. जानेवारीत पंखा चारवरून दोनवर येतो, त्याला आम्ही थंडी म्हणतो, आणि सोसायट्यांमधल्या बायका तेवढ्यावर पोरांना कानटोप्या घालून शाळेत धाडतात. अशा गावात दर वर्षी दिवाळी सरली की माणसं स्वेटर विकायला येतात. आणि ते खपतात, हे त्याहून मोठं आश्चर्य आहे. आमच्या लोकांत वस्तू लागते म्हणून कोणी घेत नाही, शेजारणीनं घेतली म्हणून घेतात.

तर त्या स्वेटरवाल्यांपैकी एक बापलेक आमचे भाडेकरू. सानपाड्याच्या गावठाणात आमचं घर, मागं तीन खोल्या. एक खोली दिवाळी ते शिवरात्र म्हाताऱ्या गोन्पोची आणि त्याच्या लेकीची, यांगचेनची. कर्नाटकात मुंडगोड म्हणून तिबेटी लोकांची वसाहत आहे, तिथून ते यायचे. गावातले लोक त्यांना नेपाळी म्हणत, काही चिनी म्हणत, आणि ज्यांनी जरा जग पाहिलंय असं त्यांना स्वतःला वाटायचं ते जपानी म्हणत. यांगचेन सगळ्यांना हसून हो म्हणायची, तिला धंदा करायचा होता. वाशीच्या फुटपाथवर तिचं दुकान. गिऱ्हाईक विचारायचं, ही हिमालयातली लोकर काय? माल लुधियान्याचा असायचा. "मावशी, खरं सांगितलं तर कोन घेत नाय," ती मला म्हणायची. पाच हिवाळ्यांत पोरगी मराठी शिकली होती, आणि माणसंही ओळखायला शिकली होती.

म्हातारा मात्र शिकला नाही. पहिल्या वर्षी ती त्याला दुकानावर बसवायची. एक बाई पोरासाठी चांगला जाडजूड स्वेटर निवडत होती. म्हातारा तिला म्हणाला, "यहाँ ठंडा नहीं है. मत लो. बच्चा बीमार पडेगा." बाई निघून गेली. तशा चार बायका गेल्यावर यांगचेननं बापाला घरी बसवला. गावात त्याला लामाबाबा म्हणत. तो लामा नव्हता, याक चारणारा गुराखी होता. पण हातात जपमाळ आणि तोंडावर सुरकुत्या असल्या की आमच्याकडं बढती लगेच मिळते.

आता माझ्या घराचं सांगते. मी सगुणा. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, पण सारखं "हे" म्हटलं तर तुमचाच गोंधळ होईल, म्हणून घेते. पंढरी. आमची भातशेती होती आणि खाडीकाठी मिठागर होतं. जमीन नव्या शहरासाठी कागदावर कधीच गेली होती, पण बुलडोझर येईपर्यंत पंढरी भात लावत राहिला. बुलडोझर आला त्या दिवशी तो नांगर घेऊन परत आला, नांगर भिंतीला टेकवला आणि बोलणंच सोडलं म्हणा ना. दिवसाला चार शब्द. त्यातले तीन रेड्याशी.

रेड्याचं नाव मुकादम. मिठागरावर एक मुकादम होता, काम करायचा नाही, नुसता बघत उभा राहायचा, त्याच्यावरून पंढरीनंच ठेवलेलं. खरं तर हा नांगराचा रेडा, आणि तेव्हा भरपूर राबलेला. त्याचा जोडीदार मेला, शेत गेलं, तेव्हापासून मात्र तो नावाला जागत होता. घराच्या बाजूला गोठ्यात बसून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाकडं नापसंतीनं बघायचा. त्याला पेंढा लागायचा, पाणी लागायचं, अंघोळ लागायची. पंढरीशिवाय कोणाला जवळ येऊ द्यायचा नाही, मला तर शिंग दाखवायचा. चोवीस तास घरात दोन मुके, एक ओटीवर, एक गोठ्यात, आणि त्यांच्यापुढं बडबड करणारी मी.

गोन्पोला मुकादम दिसला आणि म्हाताऱ्याचं घर सापडलं. पहिल्याच दिवशी तो कंगवा घेऊन गोठ्यात गेला. यांगचेन म्हणाली, उन्हाळ्याच्या तोंडाला याकची आतली मऊ लोकर अशी विंचरून काढतात. मुकादमच्या अंगावर मोजून पंचवीस केस. म्हाताऱ्यानं त्याला पुढून पाहिला, मागून पाहिला, आणि याला काय झालंय असं मला विचारलं. म्हटलं, काही झालं नाही, इथं सगळे असेच उघडे असतात. आश्चर्य म्हणजे मुकादमनं त्याला शिंग दाखवलं नाही. माझा वीस वर्षांचा पेंढा फुकट गेला, हे मी तेव्हाच ओळखलं.

मग रोज दुपारी गोठ्यापुढं बैठक. पंढरी, गोन्पो आणि मुकादम. म्हातारा आपल्या मोडक्या हिंदीत सांगायचा, यांगचेन घरी असली की मराठी करायची. हिवाळ्यात ते खालच्या दरीत राहायचे, याकच्या केसांच्या काळ्या तंबूत. वसंतात वासरं जन्मली की बाप्ये लोक जनावरं घेऊन मिठाच्या तळ्यावर जायचे. उन्हाळा उंचावरच्या गवतात, तेव्हा दूध, लोणी, दही सगळी चैन. मग खाली येताना शेतकऱ्यांना मीठ द्यायचं आणि सातू घ्यायचे. वर्षातून चार वेळा बिऱ्हाड पाठीवर. मला ऐकूनच कंबरदुखी झाली. पण मनात आलं, ते फिरत राहिले आणि त्यांची जमीन गेली, आम्ही जागचे हललो नाही तरी आमचीपण गेली. मग एवढी वर्षं एका जागी बसून आम्ही काय मिळवलं, देव जाणे.

मिठाचं नाव निघालं तेव्हा पंढरीनं मान वर केली. "मीठ कसं काढता?" त्यानं विचारलं. दोन वर्षांत परक्या माणसाला विचारलेला पहिला प्रश्न. म्हाताऱ्यानं बोटानं मातीत तळं काढून दाखवलं. पंढरीनं शेजारी आपलं मिठागर काढलं, पाणी कुठून घ्यायचं, कुठं अडवायचं. दोन म्हातारे मातीत रेघोट्या मारत बसले. गोन्पो म्हणाला, मिठाच्या तळ्यावर बायकांना बंदी, आणि तिथं बाप्यांनी वेगळीच भाषा बोलायची, नाहीतर तळ्याची देवी रुसते. मी म्हटलं, वा. मीठ आणायचा मान बाप्यांचा, आणि कालवणात कमी पडलं की बोलणी आमची. यांगचेननं ते भाषांतर करून सांगितलं आणि म्हातारा दात नसलेलं तोंड उघडून खूप वेळ हसला.

मांसाचं त्याचं गणित निराळंच होतं. मी विचारलं, तुम्ही बुद्धाचे, मग मटण कसं खाता? तो म्हणाला, आमच्याकडं दगडावर काही उगवत नाही. दहाव्या महिन्यात, पहिला बर्फ पडला की वर्षाचं मांस करून ठेवायचं. पण मोठं जनावर मारायचं. एक याक म्हणजे एक जीव, त्यात घर हिवाळाभर खातं. पाप एकच. मग एके दिवशी मी जवळा भाजत होते. हा सुका जवळा म्हणजे तांदळाच्या कण्यांएवढी कोलंबी. म्हातारा दारात आला, तव्यात डोकावला, आणि त्याचा चेहराच उतरला. मुठीत किती असतील, त्यानं विचारलं. म्हटलं, असतील पाचेकशे. तो तिथंच बसून माळ ओढायला लागला. माझ्या त्या एका चटणीसाठी तो संध्याकाळपर्यंत जप करत होता. तेव्हापासून जवळा मी तो देवळाकडं गेला की करायची.

एवढं सगळं गोड चाललं होतं, आणि त्यात माझ्या लेकाला धंदा सुचला. कुंदनला एसटीडी-पीसीओचा बूथ टाकायचा होता. त्या दोन-तीन वर्षांत गावातल्या प्रत्येक रिकाम्या पोराला तेच सुचत होतं. जागा म्हणजे गोठा, कारण तो रस्त्याला लागून. परवाना आला, पिवळा बोर्ड रंगवून झाला, उद्घाटनाला नेसायला मी वाशीतून लाल जरीकाठाचं नवं लुगडंसुद्धा आणलं. अडलं फक्त मुकादमपाशी.

दोष कुंदनवर ढकलत नाही. पंढरीच्या मागं भुणभुण मी लावली. रेडा म्हातारा झालाय, आज ना उद्या मरणारच, पोराचं भलं होईल, मला शेण उचलवत नाही. दोन महिने सकाळ-संध्याकाळ हेच. बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं, गप्प माणसाला नुसतं पोखरता येतं, आणि त्यात माझा हात कोणी धरणार नाही. शेवटी एक दिवस तो म्हणाला, "कर काय ते." कुंदननं त्याच दिवशी दलाल आणला. म्हातारा रेडा दलाल कशाला नेतो, ते सगळ्यांना ठाऊक असतं. कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही.

ठरलं की सोमवारी सकाळी टेम्पो येईल. दलालानं एक लाल चिंधी दिली. शेजारच्या भगवानच्या दोन म्हशी आमच्या गोठ्यालगतच बांधलेल्या असतात, आणि टेम्पोचा ड्रायव्हर नवा. मागच्याच खेपेला त्यानं दुसऱ्याच कोणाचं जनावर चढवलं होतं आणि पार डोकी फुटली होती. म्हणून न्यायच्या जनावराच्या कानात चिंधी बांधून ठेवायची, अशी त्यांची रीत. मुकादमच्या कानाला भोक होतंच, कधीकाळी विम्याचा बिल्ला मारलेला. पण कान धरू देणार कोणाला? रविवारी सकाळी पंढरी स्वतः गेला. मी ओटीवरून बघत होते. त्यानं मुकादमच्या कपाळावर हात ठेवला, कानाच्या भोकातून चिंधी ओवली आणि गाठ मारली. मुकादमनं कान एकदाच हलवला. मी तांदूळ निवडायला घेतले.

गोन्पोला यातलं काही सांगितलं नव्हतं. तो काय घरचा होता? तो अंघोळ करून नेहमीसारखा माळ घेऊन आला आणि गोठ्यापाशी थबकला. मुकादमच्या कानाकडं बघत राहिला. मग मागं फिरून खोलीत गेला, आणि दोन पांढरे रेशमी पट्टे घेऊन आला, त्यांच्यात मानपानाला घालतात तसले. एक त्यानं मुकादमच्या शिंगांवर घातला. दुसरा पंढरीच्या गळ्यात. आणि पंढरीचे दोन्ही हात धरून त्यावर कपाळ टेकलं. म्हातारा रडत होता.

मला काही कळेना. यांगचेनला हाक मारली. ती आली, तिनं कान पाहिला आणि तीही हात जोडून उभी राहिली. "मावशी, तुमीपन करता हे?"

"काय करतो?"

तिनं सांगितलं. त्यांच्यात दहाव्या महिन्यात मारायची जनावरं निवडतात, तेव्हाच एखादं म्हातारं, राबलेलं जनावर सोडवतातही. त्याला त्सेथर म्हणतात, म्हणजे जीव सोडवणं. त्याच्या कानाला भोक पाडून लाल कापड ओवायचं. एकदा ते कापड बांधलं की त्या जनावराला कोणी विकायचं नाही, कापायचं नाही, ओझं लादायचं नाही. मरेपर्यंत तो आपला मोकळा. आपल्याकडं देवाला सोडलेला वळू असतो ना, तसंच. "पाला म्हनतात, त्यांना वाटलं होतं तुमी याला विकनार. ते रोज माळ ओढत होते त्यासाठी." पाला म्हणजे बाबा.

मी पंढरीकडं पाहिलं. पडलेल्या उमेदवाराला चुकून हार घातला तर तो जसा उभा राहील, तसा तो गळ्यात पट्टा घेऊन उभा होता. कुंदन तोंडात ब्रश धरून दारात. तिघांपैकी एकानं तरी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मला तर एरवी कोणी गप्प बसवू शकत नाही. पण रडणाऱ्या म्हाताऱ्याला कसं सांगायचं, की बाबा, ही चिंधी खाटकाची आहे?

आणि सांगायला उसंत तरी कुठं मिळाली. यांगचेननं वाशीला जाऊन बातमी दिली आणि दुपारी बारापर्यंत वाशीचे, ठाण्याचे सात-आठ स्वेटरवाले रिक्षा करून हजर. त्यांनी मुकादमच्या कपाळाला लोणी लावलं. मुकादमनं जीभ काढून पोचेल तेवढं चाटलं. ते सगळे पंढरीपुढं वाकून गेले. आता आमच्या गावाला नमस्कार करायला फक्त पुढं रांग दिसावी लागते. रांग कशाची हे नंतर विचारतात. समोरची केशरबाई नारळ घेऊन आली, हळद-कुंकू वाहिलं आणि मला म्हणाली, "सगुने, तुझा हेला पुन्यवान निघाला गं." हीच केशरबाई गेल्या आठवड्यात पंचायतीकडं शेणाच्या वासाची तक्रार घेऊन निघाली होती. भगवाननं लगेच आपल्या म्हशींच्या कपाळालापण थोडं लोणी लावून घेतलं, न जाणो.

चार वाजता माणसं पांगली. गोन्पो पंढरीशेजारी बसला, मीठ घातलेला त्याचा चहा प्यायला, आणि बोलायला लागला. यांगचेन मराठी करत होती.

म्हातारा तेव्हा तिशीचा होता. एकोणसाठ साल. देश सोडून पळायचं ठरलं. त्याच्याकडं एक पांढऱ्या कपाळाचा याक होता, त्यानंच सोडवलेला, कानात लाल गोंडा. सोडवलेल्यावर ओझं लादायचं नसतं. पण दुसरं जनावर उरलं नव्हतं, म्हणून त्याच्यावर चार वर्षांच्या पोराला बांधून निघाले. नवरा-बायको पायी. खिंडीच्या आधी बर्फानं अडवलं. सातूचं पीठ संपलं. सहा दिवस पोटात काही नाही, पोरगा डोळे उघडेना. मग...

इथं यांगचेन थांबली. बापाला तिनं तिबेटीत काहीतरी विचारलं. तो मान खाली घालून उत्तरला. तिला एक भाऊ होता हे ठाऊक होतं. दर वर्षी दहाव्या महिन्यात आई मुंडगोडला एक दिवा लावते, हेही ठाऊक होतं. दिवा फक्त भावासाठी, असं ती आजवर समजत आली होती.

"त्यांनी अगोदर गोंडा तोडला," ती म्हणाली. "गोंडा तोडला की तो पुन्हा साधा याक होईल, असं मनाला सांगितलं. मग त्याचं नाक-तोंड दोरीनं बांधलं, श्वास कोंडून मारायला."

"आणि पोरगा?" मी विचारलं.

"दोन दिवसांनी गेला."

म्हाताऱ्यानं गळ्यातली चांदीची डबी उघडली. आत एक विटलेला, मळका गोंडा होता. तो त्यानं पंढरीपुढं धरला, आणि यांगचेनची वाट न बघता स्वतःच आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "मैंने तोडा. तुमने बाँधा."

पंढरी उठून घरात गेला. रात्री जेवला नाही. कुंदन म्हणाला, बयाणा घेतलाय, शब्द दिलाय, आता माघार घेतली तर बाजारात कोन विचारील? त्यानं उपाय पण काढला. सकाळी म्हाताऱ्याला यांगचेनबरोबर वाशीला धाडायचं, आणि आला की सांगायचं, मुकादमला पांजरपोळात ठेवला, तिथं त्याची बडदास्त आहे. मी बरं म्हटलं. खोटं कशाला बोलू? मला वाईट वाटत होतं, आणि तरी मी बरं म्हटलं. पंढरी भिंतीकडं तोंड करून पडला होता. तो ऐकत होता की नाही, मी पाहिलं नाही.

सोमवारी म्हातारा वाशीला गेलाच नाही. भल्या सकाळी मुकादमपाशी बसून त्याच्या अंगावरचे गोचीड काढत होता. सातला टेम्पो आला. ड्रायव्हर उतरला, समोर दिसला तो गोन्पो, त्यालाच विचारलं, "बाबा, लाल चिंदीवाला कौनसा है?"

गोन्पोनं कौतुकानं मुकादमकडं बोट केलं. मग त्याची नजर टेम्पोत गेली. आत दोन रेडे उभे होते, दोघांच्या कानांत लाल चिंध्या. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्यानं ड्रायव्हरला हात जोडले. "सब छोडा? कहाँ ले जाता है?"

"कहाँ मतलब? काटने को," ड्रायव्हर म्हणाला, आणि मागची फळी खाली सोडायला लागला.

मी ओटीवर होते, पंढरी पायरीवर. म्हाताऱ्यानं आमच्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या देईल, शाप देईल, आणि मी त्याला तयारही होते. त्यानं काही केलं नाही. मुकादमच्या पाठीवरचा हात काढून घेतला, खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. रागानं नव्हे. आपल्याला बोलायचा हक्क नाही असं समजून जाणारा माणूस जसा जातो, तसा गेला. मला त्याच्या शिव्या परवडल्या असत्या.

"काका, जल्दी चढाव," ड्रायव्हर म्हणाला.

पंढरी उतरला. गोठ्यात गेला, मुकादमचा कान धरला आणि गाठ सोडायला लागला. मला वाटलं, तो पण तेच करतोय, अगोदर चिंधी तोडतोय. पण त्यानं चिंधी सोडवली, चालत टेम्पोपाशी गेला आणि ड्रायव्हरच्या हातावर ठेवली.

"ही तुमची हाय," तो म्हणाला. "न्या."

"और माल?"

"माल नाय." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "सगुने, त्याचा कान रिकामा हाय."

एवढंच. पण इतकी वर्षं मी त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ लावत आले, तर या चार शब्दांचा लागणार नाही का? मी आत गेले. लाल कापड म्हणून घरात एकच होतं, पेटीत घडीबंद, एकदाही न नेसलेलं. दातानं काठाला चीर दिली आणि वीतभर पट्टी फाडली. तो आवाज मला अजून ऐकू येतो, कोरं लुगडं होतं ते. बाहेर येऊन पट्टी पंढरीच्या हातात दिली. त्यानं माझ्याकडंच परत केली आणि मुकादमचं डोकं धरलं. म्हणाला, "तू बांध."

मी बांधली. मुकादमनं शिंग हलवलं नाही. बहुतेक पंढरीनं घट्ट धरलं होतं म्हणून.

ड्रायव्हर दहा मिनिटं ओरडत होता, खेप फुकट गेली, पेट्रोल कोण देणार. माझ्याशी तोंड लावून आजवर कोणी जिंकलेलं नाही, तोही जिंकला नाही. कुंदन म्हणाला, "आये, माझा बूथ?" म्हटलं, ओटीवर लाव. तो म्हणाला, ओटीवर बाबा बसतात. म्हटलं, ते आता गोठ्यात बसतील, तसेही तिथंच असतात. त्या टेम्पोत ते दोन रेडे तसेच गेले. त्यांच्याकडं मी तेव्हा बघितलं नाही, आणि त्याबद्दल मला कोणी पुण्यवान म्हणू नये.

टेम्पोचा आवाज गेल्यावर म्हाताऱ्याचं दार उघडलं. तो हळूहळू गोठ्यापाशी आला. कान हातात घेतला, कापड चाचपलं. कालची चिंधी सुती होती, याला जरीचे धागे होते. तो सगळं समजला. मग माझ्यापाशी आला आणि त्यानं आपलं कपाळ माझ्या कपाळाला टेकलं. भर रस्त्यावर, केशरबाई बघत असताना. तिनं ते दुपारपर्यंत जुईनगरला पोचवलं.

संक्रांतीला बूथचं उद्घाटन झालं. मी तेच लुगडं नेसले, काठाची फाटकी बाजू आत घेऊन. पहिला फोन गोन्पोनं लावायचा, हे पंढरीनं परस्पर ठरवलं होतं, आणि हल्ली तो बोलतो म्हणून कुंदन ऐकतो. मुंडगोडच्या कॅम्पात एका दुकानात फोन होता. यांगचेननं पत्र टाकून वार आणि वेळ कळवली होती, आई तिथं येऊन थांबली होती. म्हाताऱ्यानं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. एक वाक्य बोलला. आणि गप्प झाला.

पलीकडूनही आवाज नाही. काचेच्या खोक्यात म्हातारा डोळे मिटून उभा, वर लाल आकडे पळतायत. एक मिनिट झालं, तीन झाली. लाइन कटली काय म्हणून कुंदननं बटणाकडं हात नेला, मी त्याच्या हातावर चापट मारली. कान देऊन ऐकलं तर रिसीव्हरमधून कोणीतरी श्वास घेत होतं. बाहेर गोठ्यात मुकादम रवंथ करत होता. सहा मिनिटं ती दोघं तशीच होती.

"काय म्हनाले गं?" मी यांगचेनला हळूच विचारलं.

"म्हनाले," ती डोळे पुसत म्हणाली, "या वेळेला तोडला नाही."